देव आणि तारखा

रघुवीर मुळगावकरांच्या (१९१८–१९७६) देवादिकांना 'कॅलेंडर आर्ट' म्हणत जाणकार मंडळी नाक मुरडतात. मी पडलो बँकेतला कारकून. मला आर्टमधलं कळत नाही. पण कॅलेंडरमधलं कळतं. सुट्ट्या त्यातच बघतो ना!

तक्रार माझीही एक आहेच. गोव्याच्या या चित्रकाराच्या देवींना घाम म्हणून ठाऊक नाही. कौंडण्यपूरची रुक्मिणी म्हणजे आमच्या अमरावती जिल्ह्याची लेक. इथल्या मे महिन्यात तिची कांती अशी लोण्यासारखी राहिली असेल?

पण स्प्रेने रंग उडवावा तो मुळगावकरांनीच! एक छटा कुठे संपली, दुसरी कुठे सुरू झाली, पत्ता लागत नाही. उजेड चेहऱ्यावर पडत नाही, आतूनच उमटतो. देव म्हणजे आणखी वेगळं काय असतं हो? आणि याच हाताने बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांची मुखपृष्ठंही रंगवली!

डिसेंबर सरला की बाकीची कॅलेंडरं रद्दीत जातात. आमची अकोल्याची मावशी मात्र बजावते, "तारखा काप, देवाले हात लावू नोको!" मग देव फ्रेममध्ये जातो. मुदत संपल्यावर किंमत वाढणारी अशी ठेव आमच्या बँकेतही नाही.