विल्यम गिल्मोर सिम्स : दोन प्रसंगांच्या निमित्ताने

विल्यम गिल्मोर सिम्स (१८०६-१८७०) यास ‘दक्षिणेचा कूपर’ म्हणून एका वाक्यात निकालात काढण्याची प्रथा अमेरिकन वाङ्मयेतिहासात रूढ आहे. ही तुलना सोयीची खरी. परंतु तिच्यामुळे सिम्सच्या लेखनातील मूळ पेच झाकला जातो.

चार्ल्स्टन येथे जन्मलेला, आजीने वाढविलेला, प्रथम औषधविक्रेत्याकडे उमेदवारी करून पुढे वकील झालेला हा लेखक. साउथ कॅरोलायना हाच त्याचा आजन्म विषय होय. १८३५ सालची ‘द येमसी’ ही कादंबरी १७१५ च्या येमसी युद्धावर आधारलेली आहे. रोमान्स हा प्राचीन महाकाव्याचा आधुनिक वारस आहे, असे तो प्रस्तावनेत बजावतो. निदान एका प्रसंगी तरी हा दावा सार्थ ठरतो. गोऱ्यांशी संधान बांधणाऱ्या ऑकोनेस्टोगाच्या अंगावरील कुलचिन्ह नष्ट करण्याची शिक्षा जमात फर्मावते. चिन्ह गेले की मरणोत्तरही त्यास पूर्वजांत स्थान नाही. म्हणून ते पुसले जाण्यापूर्वीच त्याची आई मॅटिवान त्यास स्वहस्ते ठार करते. शत्रुपक्षाच्या श्रद्धेत लेखक येथे खरोखर शिरला आहे.

त्याच कादंबरीतील हेक्टर हा गुलाम मात्र मालकाने देऊ केलेले स्वातंत्र्य नाकारतो. हा प्रसंग कलादृष्ट्याच खोटा आहे. येथे पात्र बोलत नाही, मळेवाल्या वर्गाची गरज बोलते. १८५२ साली गुलामगिरीच्या समर्थनार्थ निघालेल्या निबंधसंग्रहात सिम्सचाही निबंध होता, ही गोष्ट विसरून चालणार नाही. परागंदा झालेल्या जमातीस शोकात्म उंची देणे त्यास परवडत होते. मळ्यावर राबणाऱ्या माणसास ती देणे परवडणारे नव्हते.

प्रस्तुत लेखकास ‘वुडक्राफ्ट’ (याच नावाने १८५४) अधिक सरस वाटते, जरी तेथेही टॉम हा गुलाम स्वातंत्र्य नाकारतोच. स्वातंत्र्ययुद्ध जिंकून परतलेला खादाड, वाचाळ, उदार कॅप्टन पॉर्गी उजाड मळा आणि सावकाराचे कर्ज यांच्याशी झुंजतो. त्याला पाहून फॉल्स्टाफ आठवतो; पण हिशेबाच्या वह्यांनी गांजलेला वीर ही सिम्सची स्वतःची कल्पना. पॉर्गीची ही अवस्था पुढे त्याच्याही वाट्यास आली. १८६५ साली ‘वुडलँड्स’ हे त्याचे घर व सुमारे दहा हजार ग्रंथांचा संग्रह जळून गेला, आणि उरलेली वर्षे त्याने वृत्तपत्रे व मासिके यांसाठी लिहून गुजराण केली.