सरासरीचा भागाकार आणि प्रकारांची शिस्त : एक चिकित्सा

प्रोग्रॅमिंगच्या आरंभीच्या उदाहरणांत गुणांची सरासरी काढणे हे बहुधा सर्वांत सोपे मानले जाते. काटेकोर प्रकारबद्ध फलनांच्या पुरस्कर्त्यांचा दावा तपासण्यास मात्र ते पुरेसे आहे.

सी भाषेत ३ आणि ४ यांच्या बेरजेला २ ने भागले असता उत्तर ३ येते. दोन्ही पूर्णांक असल्याने अपूर्णांकी भाग गळतो. ते दशांश चलात साठविले तरी ३.० च राहते आणि कार्यक्रम बिनतक्रार चालतो. (उत्तीर्णतेच्या सीमारेषेवर अर्धा गुण क्षुल्लक नसतो, हे परीक्षकांस सांगावयास नको.) हास्केल भाषेत, जिचा पहिला अहवाल १९९० साली प्रसिद्ध झाला, 'पूर्णांकांची यादी घेऊन दशांश संख्या देणारे फलन' असे आधी घोषित करून बेरजेला यादीच्या लांबीने सरळ भागू गेल्यास कंपायलर ते नाकारतो. तिरप्या रेघेचा भागाकार तेथे पूर्णांकांना लागूच नाही. त्यांच्यासाठी 'डिव्ह' हे वेगळे फलन आहे. भागाकार कोणत्या अर्थाचा, याचा निर्णय विद्यार्थ्याला घ्यावाच लागतो. हा नकार अध्यापनदृष्ट्या निःसंशय मोलाचा आहे.

परंतु निर्णय घ्यावा लागणे आणि तो योग्य असणे यांत अंतर आहे. अडलेला विद्यार्थी 'डिव्ह'ने भागतो आणि आलेल्या उत्तरावर 'फ्रॉमइंटिग्रल' हे रूपांतर चढवितो. प्रकार जुळतात, कंपायलर संतुष्ट होतो, उत्तर पुन्हा ३.०! रूपांतर भागाकारापूर्वी, बेरीज व लांबी या दोहोंवर, करावयास हवे होते. हे प्रकारांच्या नियमांतून कळत नाही, गणितातून कळते. म्हणूनच केवळ 'चालणाऱ्या' उत्तरास पूर्ण गुण देण्याची आपली पद्धत येथे विशेष घातक ठरते.

रॉबिन मिलनर यांनी १९७८ मध्ये प्रकारशुद्ध कार्यक्रम 'चुकत' नाहीत असे प्रतिपादन केले, तेव्हा 'चूक' हा शब्द त्यांनी मर्यादित, तांत्रिक अर्थाने योजला होता. तो अर्थ पुष्कळदा विसरला जातो. योग्य रूपांतर केलेल्या फलनासही रिकामी यादी दिल्यास शून्य भागिले शून्य होऊन 'संख्या नव्हे' असे मूल्य हाती येते, आणि त्याचाही प्रकार दशांश संख्या हाच! 'मेबी' प्रकार वापरून 'सरासरी असेल किंवा नसेल' असे घोषित करणे अधिक प्रामाणिक होय. मग मात्र त्या सरासरीशी पुढे गणित करताना, ती नसल्यास काय करावयाचे हेही लिहावे लागते. न लिहिता ती थेट बेरजेत वापरू गेल्यास कंपायलर पुन्हा अडवितो.