सरखेलांचे चरित्र आणि शत्रूचे दप्तर

मनोहर माळगावकर यांचे कान्होजी आंग्रे यांच्यावरील इंग्रजी पुस्तक १९५९ साली प्रसिद्ध झाले आणि पुढे पु. ल. देशपांडे यांनी ते मराठीत आणले. आम्ही ते प्रथम वाचले ते महाविद्यालयीन वयात. त्या वेळी गुराबा, गलबते आणि तोफांच्या धुरातच आमचे मन गुंतून राहिले. शासकीय सेवेतून निवृत्त झाल्यावर हळर्णच्या घरी ते पुन्हा हाती घेतले, तेव्हा मात्र एक शंका मनात आली आणि ती अद्याप गेलेली नाही. ती वाचकांपुढे ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतू.

प्रथम पुस्तकाचे श्रेय मान्य केले पाहिजे. माळगावकर स्वतः लष्करातून लेफ्टनंट कर्नल म्हणून निवृत्त झालेले. हुकूम म्हणजे काय आणि तो पाळणारा माणूस कोणत्या अडचणींत असतो, याची त्यांना जाण होती. ज्या काळात इंग्रजी ग्रंथांतून कान्होजींना सर्रास ‘चाचा’ म्हटले जाई, त्या काळाच्या पाठोपाठ, इंग्रजीतूनच, त्यांना आरमाराचा सेनानी म्हणून उभे करणे ही लहान गोष्ट नव्हती. स्वतंत्र भारताच्या नौदलाने १९५१ मध्ये मुंबईतील आपल्या तळाला ‘आंग्रे’ हे नाव दिलेच होते. त्या नावामागचा माणूस सामान्य वाचकाला माळगावकरांनी दाखवला.

आमची शंका पुस्तकाच्या उपशीर्षकापासून सुरू होते. कान्होजींचे आयुष्य आणि त्यांच्या इंग्रजांशी झालेल्या लढाया, असा त्याचा आशय आहे. म्हणजे चरित्राची चौकटच प्रतिपक्षाने आखून दिली. याचे कारण उघड आहे. इंग्रजांनी बैठकांचे इतिवृत्त ठेवले, पत्रांच्या नकला ठेवल्या. या मोहिमांत भाग घेतलेल्या क्लेमंट डाउनिंगने १७३७ मध्ये त्यांचा वृत्तांत छापला. त्यामुळे जिथे इंग्रज आहेत तिथे कान्होजी लख्ख दिसतात, आणि इंग्रज बाजूला झाले की तेही अंधुक होतात. १७१२ मध्ये मुंबईच्या गव्हर्नरची नौका आंग्र्यांनी पकडली. कारवारच्या वखारीचा प्रमुख त्या चकमकीत मारला गेला आणि त्याची तरुण पत्नी कैदेत पडली. तीस हजार रुपये घेऊन तिची सुटका झाली. इंग्रज लेखकांनी हा प्रसंग पुन्हा पुन्हा रंगवला. परंतु त्याच काळात कुलाब्याच्या सदरेवर कारभार कसा चाले, खलाशांना वेतन कसे मिळे, जहाजाचे लाकूड कुठून येई, यांविषयी वाचकाच्या हाती फारच थोडे लागते.

आम्ही सेवेतील बरीच वर्षे परवान्यांच्या फायली हाताळण्यात घालवली. म्हणून कदाचित, आम्हांला कान्होजींच्या लढायांपेक्षा त्यांचे दस्तक अधिक बोलके वाटते. दस्तक म्हणजे समुद्रात फिरण्याचा परवाना. तो घेतलेल्या व्यापाऱ्याला संरक्षण, न घेतलेल्याचे जहाज जप्त. ही पद्धत कान्होजींनी शोधून काढलेली नव्हती. पोर्तुगीज सोळाव्या शतकापासून ‘कार्ताझ’ नावाने हेच करीत आले होते, आणि इंग्रजही आपले परवाने देत. एकच कृत्य गोव्याच्या किंवा मुंबईच्या शिक्क्याने झाले तर शासन, आणि कुलाब्याच्या शिक्क्याने झाले तर चाचेगिरी! खरा वाद तोफांचा नव्हता; शिक्का कोणाचा चालणार, हा होता. चाचा परवाना देत नाही. परवाना देतो तो अधिकारी, आणि त्याच्या पाठीशी राज्य असावे लागते.

हे राज्यही सरळ नव्हते. कान्होजींनी ताराबाईंच्या पक्षात सेवा केली. शाहूंनी पाठवलेले पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना त्यांनी कैद केले. नंतर बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीने ते शाहूंच्या बाजूला आले आणि सरखेलपद त्यांच्याकडे कायम झाले. याला कोणी संधिसाधूपणा म्हणेल. आम्हांला वाटते, दोन गाद्यांच्या भांडणात किनारा आणि आरमार एकसंध ठेवणे हेच आपले कर्तव्य, असे त्यांनी मानले असावे. पण हा आमचा तर्क झाला. चरित्रकाराने इथे अधिक थांबायला हवे होते. एका अधिकाऱ्याच्या आयुष्यात याहून कठीण निर्णय दुसरा नसतो.

आता आपल्या मुलखाकडे वळू. १७२१ मध्ये इंग्रज कमोडोर मॅथ्यूज आणि गोव्याचा व्हिसेरेय यांनी मिळून कुलाब्यावर स्वारी केली. बाजीराव मदतीस धावून आले, स्वारी फसली आणि पोर्तुगीजांनी इंग्रजांना बाजूला ठेवून मराठ्यांशी स्वतंत्र तह केला. हा भाग वाचताना गोव्यातील मराठी वाचकाला अभिमान वाटतो, आणि तो साहजिक आहे. पण त्या वेळी आपले पूर्वज कोठे उभे होते? पेडणे आणि डिचोली तेव्हा वाडीकर सावंत-भोसल्यांच्या अमलाखाली होते. ४ जुलै १७२९ रोजी कान्होजी निवर्तले आणि पुढच्याच वर्षी फोंड सावंतांनी आंग्र्यांविरुद्ध इंग्रजांशी करार केला. म्हणजे आज आपण ज्यांचा जयजयकार करतो, त्यांच्या घराण्याविरुद्ध आपल्याच धन्यांनी परक्यांचा हात धरला होता. हे कबूल केल्याने कान्होजी लहान होत नाहीत; आपला अभिमान मात्र थोडा प्रामाणिक होतो.

या फुटीचे फळ फार दूर नव्हते. १७४६ मध्ये व्हिसेरेय पेद्रू मिगेल द आल्मेदा याने सावंतांकडून आमच्या हळर्णचा किल्ला घेतला. त्याच वर्षी तेरेखोलही गेला. त्या विजयाबद्दल पोर्तुगालच्या राजाने त्याला ‘मार्केश द आलोर्न’ असा किताब दिला. शापोरा नदीकाठच्या एका खेड्याचे नाव लिस्बनच्या सरदार घराण्याचे बिरूद झाले. दहा वर्षांनी, १७५६ मध्ये, विजयदुर्गासमोर तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले. तेव्हा इंग्रजांच्या सोबतीला पेशव्यांचे सैन्य होते. १७८८ मध्ये पेडणे महाल कायमचा पोर्तुगीजांकडे गेला.

आमच्या गावाचे नाव जेत्याच्या किताबात टिकले, तसेच सरखेलांचे आयुष्य शत्रूच्या दप्तरात टिकले. दोन्ही ठिकाणी जपणूक परक्यांनी केली आणि आपल्या सोयीने केली. माळगावकरांचा दोष असलाच तर तो एवढाच, की हाती आलेल्या कागदांना त्यांनी कथेचे सौष्ठव दिले आणि न आलेल्या कागदांची उणीव वाचकाला फारशी जाणवू दिली नाही. पण कागद हाती का आले नाहीत, याचे उत्तर त्यांच्याकडे मागणे अन्यायाचे होईल. ते आपल्याकडे मागितले पाहिजे.

आमच्याच घरी माळ्यावर मोडी कागदांचा एक रुमाल होता. त्यात जमिनीची पत्रे होती, की बंदरावरचा हिशेब, की नुसत्या लग्नाच्या याद्या, हे आम्ही आयुष्यात कधी उघडून पाहिले नाही. सरकारचे कागद तेवढे नीट लावून ठेवले. निवृत्त होऊन घरी आलो तेव्हा रुमालाच्या जागी वाळवीची माती होती. पेडणे-डिचोलीतील जुन्या घरांत असे रुमाल अजून असतील. ज्यांच्याकडे असतील त्यांनी या पावसाळ्यापूर्वी ते खाली काढावेत आणि मोडी वाचणाऱ्याला किंवा पणजीच्या पुराभिलेखात दाखवावेत. त्यांत कान्होजी सापडतीलच असे नाही. पण पुढच्या चरित्रकाराला आपल्या बाजूचा निदान एक कागद तरी मिळेल.