चिमण्यांचा रथ आणि एक प्रत्यय

आधी देवीची बिरुदं, मग मागच्या कृपेची आठवण आणि शेवटी मागणं. आपल्या स्तोत्रांचा हा क्रम प्राचीन ग्रीकांच्याही अंगवळणी पडलेला होता. लेस्बॉस बेटावरच्या सॅफोनं इ.स.पू. ६००च्या सुमारास रचलेलं प्रेमदेवता ॲफ्रोडाइटीचं स्तोत्र याच वाटेनं जातं. सात कडवी, प्रत्येकात अकरा अक्षरांच्या तीन ओळी आणि शेवटी पाच अक्षरांची एक आखूड ओळ. सॅफोची एवढी एकच कविता आपल्या हाती पूर्ण आली. तीही कशी, तर हॅलिकार्नाससच्या डायोनिसियस या रोममधल्या साहित्यशास्त्र्यानं नितळ, सलग शब्दकळेचा नमुना म्हणून ती सगळीच्या सगळी आपल्या ग्रंथात उतरवून ठेवली म्हणून.

प्रेमानं कासावीस झालेली सॅफो देवीला बोलावते आणि लगेच आठवणीत शिरते. पूर्वी एकदा हाक ऐकून देवी बापाचं सुवर्णगृह सोडून निघाली होती. होमरच्या देवांचे रथ घोडे ओढतात. इथं रथाला चिमण्या जुंपल्या आहेत. खाली काळी माती, वर आभाळ आणि मधे पंखांची नुसती फडफड. देवीचं वैभव इतक्या घरगुती पाखरांवर तोलायचं धाडस सॅफोच करू जाणे.

देवी उतरते ती हसतच. दोन कडव्यांत ‘पुन्हा’ या अर्थाचा शब्द तीनदा येतो. पुन्हा काय बिनसलं, पुन्हा हाक कशाला, पुन्हा कुणाचं मन वळवायचं? बोलणं आधी सॅफोच्या तोंडून कळत असतं. पाहता पाहता देवीच थेट बोलू लागते आणि कवयित्रीला नावानं हाक मारते. ‘गाथासप्तशती’ वाचलेल्याला ही थट्टा ओळखीची वाटेल. ही वर देणारी देवता कमी आणि नायिकेच्या खोडी जाणणारी सखी जास्त.

सहाव्या कडव्यात सखी आश्वासन देते: आज पळणारी व्यक्ती उद्या पाठलाग करील, भेटी नाकारणारी स्वतः देऊ लागेल, प्रेम न करणारीही करील. ही व्यक्ती कोण, स्त्री की पुरुष? ग्रीक क्रियापदं लिंग सांगत नाहीत. मराठीत ‘करील’, ‘देईल’ यांच्या आड ते लपतं; ‘पळते’ म्हटलं की फुटतं. सॅफो मात्र कडव्याच्या शेवटच्या आखूड ओळीपर्यंत थांबते आणि ‘मनात नसतानाही’ अशा अर्थाच्या एका शब्दाला स्त्रीलिंगी प्रत्यय लावते. तेवढ्यावरच कळतं की मन जिच्यावर जडलं, ती स्त्री आहे. हस्तलिखितांत नेमका हाच शब्द बिघडला होता. तो एकोणिसाव्या शतकात दुरुस्त झाला.

मला या प्रत्ययाचं आकारमान मोलाचं वाटतं. स्त्रीचं स्त्रीवरचं प्रेम इथं कुणाला पटवून द्यायचं नाही, त्याची सफाईही द्यायची नाही. देवीला नवल वाटतं ते फक्त हाक पुन्हा आल्याचं. आणखी एक मेख आहे. पाठलाग कुणाचा, भेटी कुणाला, हे देवी सांगतच नाही; ती स्त्री सॅफोकडेच वळेल असा शब्द देवीनं दिलेलाच नाही. दिलाशातही सखीनं एक दार किलकिलं ठेवलं आहे.

शेवटच्या कडव्यात मागणं परत येतं, पण आता रणांगणाच्या भाषेत: तू माझ्या बाजूनं लढ. ‘इलियड’च्या पाचव्या सर्गात जखमी ॲफ्रोडाइटीला तिचा बाप झ्यूस बजावतो, की युद्ध हे तुझं काम नव्हे. सॅफो त्याच देवीला युद्धातली साथीदार करते.

या खेपेला देवी आली का, हे स्तोत्र सांगत नाही. आली तर तिचा पहिला प्रश्न काय असेल, तेवढं मात्र आपल्याला ठाऊक झालेलं असतं.