निळ्या रंगाचे स्थलांतर

२०२२ सालच्या एप्रिल महिन्यात, वीस दिवसांच्या अंतराने, नेटफ्लिक्सच्या पडद्यावर दोन प्रेमकथा आल्या. २ तारखेला ‘कोबाल्ट ब्लू’ आणि २२ तारखेला ‘हार्टस्टॉपर’. पहिली मूळची आपल्या मराठीची, दुसरी इंग्लंडातल्या एका शाळेची. दोहोंतही एका कोवळ्या मुलाचा जीव दुसऱ्या पुरुषावर जडतो. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या लोहारा येथे राहणारा, मॅट्रिक झालेला शाळामास्तर; फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. मला यातले नवल वाटले ते असे की, परक्या देशातली ती मुले मला ओळखीची वाटली आणि आपला तनय मात्र काहीसा पाहुण्यासारखा वाटला. हे असे का व्हावे, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्लू’ ही कादंबरी २००६ साली आली. पुण्यातल्या एका मध्यमवर्गीय घरात एक तरुण भाडेकरू म्हणून राहावयास येतो. घरातला मुलगा तनय त्याच्या प्रेमात पडतो आणि मुलगी अनुजाही पडते. पुढे तो अनुजेसह नाहीसा होतो आणि शेवटी तिलाही टाकून जातो. कथानक म्हणाल तर एवढेच. परंतु लेखकाने ते दोघांच्या तोंडून वेगवेगळे सांगितले आहे. तनय त्या गेलेल्या माणसाला उद्देशून बोलत राहतो. अनुजा रोजनिशी लिहिते. ज्याच्यामुळे हे सारे घडले त्याला शेवटपर्यंत नाव नाही. वाचकाला एकच माणूस दोनदा भेटतो आणि दोन्ही वेळा तो हातातून निसटतो. मला या कादंबरीचे खरे बळ येथे दिसते. भावाचे दुःख आणि बहिणीचे दुःख तिने एकाच तागडीत घातले आहे. मुलाचे प्रेम म्हणजे काही निराळा रोग, आणि मुलीचे तेवढे सरळ, असा भेद तिला ठाऊक नाही. तेव्हा कायद्याचे ३७७ कलम पूर्ण अंमलात होते, हे लक्षात घेतले म्हणजे या साधेपणामागचे धैर्य कळते.

चित्रपटात हे घर पुण्याहून उचलून केरळात, कोचीला नेले आहे. काळ १९९६ चा. भाषा हिंदी आणि इंग्रजी. चित्रपट आधी ३ डिसेंबर २०२१ रोजी यावयाचा होता, तो चार महिने मागे पडला. पडद्यावर लेखक म्हणून कुंडलकरांचे नाव आहे, दिग्दर्शक म्हणून कोणाचेच नाही. त्यामागची कारणे वर्तमानपत्रांतून येऊन गेली आहेत. समीक्षकाने पडद्यावर जे उतरले आहे त्यापुरते बोलावे.

जे उतरले आहे ते देखणे आहे यात शंका नाही. पाणी, जुनी घरे, हिरवी सावली आणि तिच्यात तो निळा रंग. नीलय मेहेंदळे याने तनयची अधीरता फार चांगली दाखविली आहे, आणि गीतांजली कुलकर्णी यांची आई तर थोड्याच प्रसंगांत सारे घर उभे करते. पण देखणेपणाची एक अडचण असते. कादंबरीतले घर आपण सारे ओळखतो. त्या घरात कोणी कोणाला दुखवून बोलत नाही, आणि म्हणूनच कोणी काही विचारतही नाही. मुलगा रात्रभर जागा असतो; सकाळी आई ‘चहा निवतोय’ एवढेच म्हणते. या न विचारण्याला मराठीत एक खास आवाज आहे. हिंदीत आणि इंग्रजीत तो उमटत नाही. कोचीच्या निसर्गात तर तनयचे दुःख चित्रासारखे दिसू लागते आणि त्यातली भीती पातळ होते.

वाचक म्हणतील, मास्तर, भाषेचे एवढे काय घेऊन बसलात? सांगतो. आमच्या शाळांतून एखादा मुलगा जरा नाजूक चालीचा असला की ‘बायल्या’ हा शब्द तयारच असतो. पाचवीतल्या पोरालाही तो येतो. पण त्या मुलालाच स्वतःविषयी काही सांगावयाचे झाले तर? एक शिवी आहे आणि ‘समलिंगी’ हा पाठ्यपुस्तकी शब्द आहे. मधली सगळी जागा मोकळी. ती जागा साहित्याने आणि नाटकाने भरावयाची असते.

‘हार्टस्टॉपर’ पाहताना हेच जाणवले. ॲलिस ओसमन या लेखिकेने आपल्याच चित्रकथेवरून त्याचे आठही भाग लिहिले. चार्ली आणि निक हे वर्गात शेजारी बसतात, एक भित्रा, दुसरा रग्बी खेळणारा. बोलतात ते शाळेतल्या पोरांचे रोजचे इंग्रजी. मध्येच पडद्यावर हाताने काढलेली पाने तरंगत जातात, हा खेळ मला किंचित लाडिक वाटला. पण त्यातला चित्रकलेचा शिक्षक मात्र माझ्या मनातून जात नाही. मुलांनी छळलेला चार्ली मधल्या सुट्टीत त्याच्या खोलीत येऊन डबा खातो. शिक्षक त्याला बसू देतो. उपदेशाचे दोन शब्द ऐकवावेत असे कोणाही मास्तराला वाटले असते. हा तो मोह आवरतो, आणि लेखिकेनेही आवरला आहे.

आपल्याकडे या विषयाला रंगभूमीने फार आधी हात घातला होता. विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ १९८१ साली आले. विनय आपटे यांनी ते बसविले, रोहिणी हट्टंगडी मित्रा झाल्या. कॉलेजातली मुलगी, तिचे नमावर प्रेम, आणि हे सारे सांगणारा बापू. नाटक धीट आणि मराठी, अगदी हाडामांसाचे मराठी. पण मित्रा अखेर मरते. तेंडुलकरांना समाजाचे क्रौर्य दाखवावयाचे होते आणि ते त्यांनी दाखविले, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र पंधरा वर्षांच्या मुलीने ते पाहिले तर ती काय घेऊन घरी जाईल, असा प्रश्न मास्तर म्हणून मनात येतो. ‘कोबाल्ट ब्लू’ कादंबरी मला मोठी वाटते ती या ठिकाणी. तिच्यातली दोन्ही मुले मोडतात, पण उरतात.

प्रेक्षकांना झेपणार नाही, ही सबब मला मान्य नाही. २०१९ च्या जानेवारीत यवतमाळच्या साहित्य संमेलनासाठी नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण मागे घेतले गेले, तेव्हाही रसिकांना न विचारताच त्यांच्या वतीने कोणी तरी घाबरले होते. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने कायद्याची अडचण दूर केली. मग हे घर परत पुण्याला आणावयास काय हरकत होती?

आणखी एक गोष्ट या स्थलांतरात हरवली. चित्रपट प्रामुख्याने तनयचा झाला. त्यात एक साहित्याचा प्राध्यापक आला, त्याचे एकटेपण आले. आणि तेवढ्या प्रमाणात अनुजा कडेला गेली. ती हॉकी खेळते, केस कापते, घराशी भांडते. पण तिचे मन आपण बाहेरूनच पाहतो. कादंबरीत तिला स्वतःचा आवाज होता आणि त्या आवाजापुढे तनयचे बोलणे तपासून पाहण्याची सोय होती. पुस्तकाच्या दुसऱ्या भागाचा चित्रपट अजून व्हावयाचाच आहे.