‘क्यूट’ : एका शब्दाचा उतार

हल्ली तान्हे बाळ ‘क्यूट’ असते, मांजराचे पिल्लू ‘क्यूट’ असते, घर, पेन, लग्नपत्रिका सारे ‘क्यूट’ असते. त्यावरही कुणी फारसे हरकत घेणार नाही. परंतु परवा एका विद्यार्थिनीने पुस्तक-परिचयात ‘कविता क्यूट आहे’ असे लिहिले, तेव्हा मात्र या शब्दाची झडती घेणे भाग पडले.

या शब्दाचे मूळ मोठे धारदार आहे. लॅटिनमधील टोकदार या अर्थाच्या ‘अक्यूटस’ या शब्दापासून इंग्रजी ‘अक्यूट’ आला. भूमितीतला लघुकोन तो ‘अक्यूट’, डॉक्टरांची तीव्र कळ तीही ‘अक्यूट’. त्याचे आद्याक्षर गळून ‘क्यूट’ झाला. नाथन बेलीच्या कोशात तो 1731 साली आढळतो, तो चलाख, तल्लख या अर्थाने. आपल्या ‘कुशाग्र’चा हा चुलतभाऊच! दर्भाच्या टोकावरून आपणही बुद्धीच मोजली. पुढे अमेरिकेत, 1834 च्या सुमारास, विद्यार्थ्यांच्या बोलीत तो ‘देखणा’ या अर्थाने वापरला जाऊ लागला आणि हळूहळू लहानग्यांच्या गालांवर जाऊन बसला.

अर्थ पालटला म्हणून शब्दाला दोष देता येत नाही. ‘नाइस’ हा शब्द अडाणी या अर्थाच्या लॅटिन ‘नेसियस’पासून निघाला. त्याच्या सरसकट वापराची थट्टा जेन ऑस्टिनने ‘नॉर्थँगर ॲबी’ या 1817 च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या कादंबरीत हेन्री टिल्नीकडून करविली आहे. आपले ‘लावण्य’ तरी कोठून आले? लवणातून, म्हणजे मिठातून.

प्रश्न निराळा आहे. कॉनराड लॉरेन्झ या प्राणिशास्त्रज्ञाने 1943 साली मांडले की, मोठे डोके, मोठे डोळे, गुबगुबीत गाल दिसले की पाहणाऱ्याच्या मनात सांभाळण्याची ओढ जागी होते. म्हणजे ‘क्यूट’ म्हणणारा नेहमी मोठा असतो आणि ज्याला म्हणावयाचे ते लहान, निरुपद्रवी. बाळाला हे शोभते. कवितेला ‘क्यूट’ म्हटले की तिचे बोचणे संपते. तिला मांडीवर घेऊन थोपटले, की वाचकाची जबाबदारी सरली! मूळची धार गेलेला शब्द दुसऱ्याचीही धार काढून घेतो, तो असा.

मराठीत बाळ गोंडस, घर टुमदार, अक्षर सुबक, हसू लोभस आणि बोलणे लाडिक असते. प्रत्येक शब्द डोळ्यांना निराळे काही पाहावयास लावतो. एकच शब्द वापरणारा हळूहळू एकच गोष्ट पाहू लागतो.

हा सोवळेपणा नव्हे. सीमाभागातल्या माणसाला तो परवडणारही नाही. अण्णा, अक्का, अडकित्ता हे शब्द कन्नडातून आले आणि घरचे झाले. बेळगावकडच्या घरांत लेकराला ‘मुद्दु’ म्हणतात, त्यात माया आहे. हे शब्द आले ते भर घालीत आले. ‘क्यूट’ मात्र एकटा येतो आणि पाच जणांना उठवून बसतो.

तेव्हा, शिक्षक-पालकहो, मुलांना हा शब्द वापरू नका असे सांगू नये. ‘क्यूट म्हणजे नेमके कसे?’ एवढेच विचारावे. त्या उत्तरासाठी मूल जो शब्द शोधील, तोच त्याच्या रसग्रहणाचा श्रीगणेशा होय.