लोणी आणणारा हेर

हेर कसा असतो, हे मला लहानपणीच बाबूराव अर्नाळकरांनी शिकवून ठेवले होते. भूगोलाच्या पुस्तकात 'झुंजार' दडवून वाचलेला माणूस मी! त्यामुळे सॉमरसेट मॉमचे 'अ‍ॅशेनडेन' हातात पडले तेव्हा आधी दाराला कडी घातली.

आणि काय सांगू! यातला हेर जिनिव्हाच्या बाजारात जातो आणि लोणी आणतो. लोणीवाली म्हातारी त्याला गुपचूप चिठ्ठी देते, एवढेच काय ते हेरपण. मी आपला पिस्तुलाची वाट पाहत बसलो. शेवटी ही म्हणाली, "तुम्हाला भाजी आणायला सांगितली की पाय दुखतात. आणि त्याने लोणी आणलं की त्याचं पुस्तक होतं!"

पण यात मॉमचा दोष नाही. पहिल्या महायुद्धात १९१५ साली ब्रिटिश हेरखात्याने त्याला खरोखरच स्वित्झर्लंडला धाडले. नाटककार नाटक लिहीत बसला तर संशय कोण घेणार? गंमत म्हणजे त्याने नाटक खरेच लिहिले. १९१७ मध्ये रशियाला युद्धात टिकवून धरायला पेट्रोग्राडला गेला, तर थोड्याच महिन्यांत बोल्शेविकांनी सत्ता घेतली. म्हणजे नापासच! पुस्तक आले १९२८ साली. प्रस्तावनेत तो कबूल करतो की हेराचे काम बहुतेक कंटाळवाणे. हाती येतात ते तुकडे, त्यांची गोष्ट लेखकालाच करावी लागते.

कंटाळा त्याने तसाच ठेवला, म्हणून पुस्तक खरे वाटते. प्रश्न आहे तो गोष्ट केलेल्या भागाचा. एका कथेत इंग्रजांना चंद्रलाल नावाचा हिंदी क्रांतिकारक हवा आहे. त्याची प्रेयसी जुलिया लाझारी हिला धाकदपटशा दाखवून तिच्याकडून पत्रे लिहवून घेतात आणि त्याला सरोवरापलीकडे, फ्रान्सच्या हद्दीत बोलावतात. इथे माझी पंचाईत झाली. नायकाचा बेत फसावा म्हणून देव पाण्यात घालून बसलेला वाचक मी पहिल्यांदाच पाहिला, आणि तो मीच होतो!

बेत फसत नाही. चंद्रलाल पकडला जातो आणि विष घेऊन मरतो. वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय यांच्यावरून हे पात्र बेतले, असे मानतात. पुस्तक निघाले तेव्हा ते बर्लिनमध्ये चांगले हयात होते! खऱ्या आयुष्यात न सापडलेला माणूस लेखकाने कागदावर पकडला. शिवाय त्याला आपली बाजू मांडायला मिळते ती बहुतेक पत्रांतून, तीही प्रेमपत्रांतून. माझी तक्रार आहे ती ही.

पण मॉम लबाडी करत नाही. चंद्रलाल शूर आहे, हे तो आपल्या हेराच्याच तोंडून वदवतो. आणि शेवटी जुलिया काय विचारते? मी त्याला दिलेले बारा पौंडांचे घड्याळ परत मिळेल का? बस्स, संपली गोष्ट.

झुंजारच्या गोष्टीनंतर मला गाढ झोप लागायची. या गोष्टीनंतर उशाचे घड्याळ रात्रभर ऐकत पडलो. सकाळी पिशवी घेऊन मुकाट्याने भाजी आणायला गेलो. ही अजून संशयानेच बघते आहे.